जेवणाचा भोंगा

सकाळचे अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. नोरीन टॅकेट मान वाकडी करून, खांदा आणि कान यांच्यात फोन धरून हायवेवर आलेल्या एका गाईचं वर्णन लिहून घेत होती. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, आणि फोन करणाऱ्याच्या मते "स्वभावाने वाईट". कॉटन फोर्कमध्ये स्वभावाने वाईट गाई एकाच माणसाच्या होत्या. नोरीनने त्याला फोन लावला, "तुमची राणीसरकार हायवेवर हवा खातेय, घेऊन जा," एवढं सांगितलं आणि फोन ठेवला.

गावाचे मदतीचे फोन घ्यायची तिची खोली अग्निशमन केंद्राच्या मागच्या अंगाला आहे. तीन फोन, एक वायरलेस, हवामान दाखवणारा एक पडदा आणि मुख्य रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात किल्लीने उघडणारी छोटी लोखंडी पेटी आहे आणि पेटीत एक बटण. ते दाबलं की केंद्रामागच्या खांबावरचा पिवळा भोंगा सलग तीन मिनिटं वाजतो. चक्रीवादळ येतंय, जमिनीखाली जा, एवढाच त्याचा अर्थ. ओक्लाहोमात असा भोंगा गावोगावी आहे.

आणि दर शनिवारी बारा वाजता त्याची चाचणी असते. नोरीन वीसेक वर्षं हे बटण दाबत आली आहे. एवढ्या काळात भोंग्याचा अर्थ गावाने हळूहळू, कुणाच्याही नकळत बदलून घेतला. शनिवारी तो वाजला की मर्ना आपल्या खानावळीत तळलेल्या स्टेकवर पांढरी ग्रेव्ही ओतायला घेते. हार्डवेअरवाला दारावरची पाटी फिरवतो. म्हातारे मनगटावरची घड्याळं लावतात. कुत्री रडतात, पण तीही सवयीने, अर्ध्यावर सोडून देतात. एकदा शाळेत मुलांना वादळाची माहिती द्यायला नोरीनला बोलावलं होतं. भोंगा कशासाठी वाजतो, असं तिने विचारलं तेव्हा पहिलीच्या वर्गातले सगळे हात वर झाले आणि उत्तर एकच आलं: जेवणासाठी. बाई हसल्या. नोरीनला हसू आलं नाही.

मेमधल्या त्या शनिवारी चाचणी होणार नव्हती. दुपारनंतर वादळी हवेचा इशारा होता, आणि अशा दिवशी चाचणी रद्द करायची हा नियमच आहे. म्हणजे त्या दिवशी भोंगा वाजला तर तो खराच, हे कुणालाही कळावं. रद्द झाल्याची सूचना पोस्टाच्या दारावर चिकटवली होती. रेडिओवरही सांगितली होती, गुरांच्या बाजारभावानंतर. सकाळी कॉफी घ्यायला गेली तेव्हा नोरीनने मर्नालाही आठवण केली होती.

"हो गं, वाचलं मी," मर्ना म्हणाली होती. तिने वाचलं नव्हतं. पोस्टाच्या दारावर बाराही महिने काही ना काही चिकटवलेलं असतं.

शिवाय वादळ दुपारी येत नाही, ते संध्याकाळच्या जेवणाच्या वेळेला येतं, हे तिथं शेंबडं पोरही सांगेल. बहुतेक वेळा ते खरंही असतं.

बाराला चार मिनिटं कमी असताना पडद्यावर लाल चौकट उमटली. गावाच्या नैऋत्येला ढग गरगरायला लागला होता. अशा वेळी नोरीनने कुणालाही विचारायचं नसतं. तिने किल्ली फिरवली आणि बटण दाबलं.

भोंगा वाजू लागला आणि ती खिडकीशी गेली.

रस्त्यावर कुणी पळालं नाही. फरसाणाच्या रंगाचा शर्ट घातलेला एक माणूस थांबला, त्याने मनगटाकडे पाहिलं, घड्याळ कानाला लावून हलवलं आणि काटे पुढे केले. हार्डवेअरच्या दारावरची पाटी फिरली. बँकेसमोर गप्पा मारणाऱ्या दोन बायका "बाई, बारा वाजले पण!" अशा चेहऱ्याने लगबगीने निघाल्या. त्या दिवशी भोंग्यामुळे लोकांनी खरोखरच पावलं उचलली, पण ती मर्नाच्या खानावळीकडे. आपल्याला उशीर झाला असं त्यांना वाटलं होतं.

नोरीनने मर्नाला फोन लावला.

"मर्ना, सगळ्यांना घेऊन मागच्या शीतकोठीत जा, तिच्या भिंती जाड आहेत. आत्ता."

"अगं, चाचणी ना ही?"

"चाचणी रद्द आहे. सकाळी सांगितलं होतं तुला. ढग खरा आहे."

"थांब, बघून येते."

"बघू नकोस! मर्ना!"

पण मर्ना गेली होती. भोंगा वाजला की आधी ओसरीवर जाऊन आकाश बघायचं, ही तिथली रीत. आजोबांनी बघितलं, बापाने बघितलं, आता नातू फोन वर धरून बघतो. नोरीन फोन कानाला लावून काट्याचमच्यांचे आवाज ऐकत उभी राहिली. मागे कुणीतरी "माझ्यात कांदा नको" असं सांगत होतं.

"काळं आहे खरं," मर्ना परत येऊन म्हणाली. "पण लांब आहे गं. सोळा ताटं वाढलीत मी."

"ताटं राहू दे."

"शीतकोठीत अख्खा बैल टांगलाय. माणसं कुठं उभी करू?"

"बैलाला टेकून. मर्ना, मी गंमत करत नाहीये."

मग मर्नाने तोंड फिरवून ओरडलेलं ऐकू आलं, "चला रे, उठा! नोरीन म्हणतेय खरं आहे!" त्यावर कुणीतरी म्हणालं, "नोरीन दर शनिवारी म्हणते." हशा पिकला. पण खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, आणि नोरीनने फोन ठेवला.

पुढचा फोन तिला भावाला लावायचा होता, पण मधेच दुसरा वाजला. निवृत्त शाळामास्तरीण बाईंचा होता. "भोंगा आज चार मिनिटं आधी वाजला," त्या म्हणाल्या. "एका कामाला माणूस नेमलेला असतो, ते तरी वेळेवर व्हावं." नोरीनने त्यांना तळघरात जायला सांगितलं. आवाज चढवून बोलू नकोस, असं बाईंनी सुनावलं. त्या तळघरात गेल्या की नाही हे नोरीनला आजही माहीत नाही.

मग तिने आर्लिसला फोन लावला.

आर्लिस ब्रमेट तिच्याहून सात वर्षांनी मोठा. आयुष्यभर धान्याच्या कोठारावर काम करून निवृत्त झालेला, बायको वारल्यापासून एकटा. गावाच्या दक्षिणेला, पेकनच्या, म्हणजे अक्रोडासारख्या झाडांशेजारी त्याचं घर होतं, झाडांपलीकडे ओढा. घर म्हणजे ट्रकने ओढून आणलेलं, सिमेंटच्या ओट्यावर ठेवलेलं आणि लोखंडी पट्ट्यांनी जमिनीला बांधलेलं लांबट पत्र्याचं खोकं. जोराचा वारा आला की अशी घरं आधी जातात. नोरीनने हे त्याला किती प्रकारांनी सांगून पाहिलं होतं. रागावून, रडून, ख्रिसमसच्या जेवणावर सगळ्यांसमोर, आणि एकदा चर्चच्या पाद्रींकरवी. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यालाही कारण होतं. त्यांच्या आईला वादळाची दहशत होती. आकाशात कापसाएवढा ढग दिसला की ती दोन्ही मुलांना बखोटीला धरून अंगणातल्या भुयारात न्यायची. आत ओल, कोळी, बटाट्यांचा कुजका वास आणि एकच कंदील. शाळेच्या खेळाच्या दिवशी भुयार, वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या पेटवल्या असताना भुयार. आर्लिस वयात आला, पहिल्यांदा एका मुलीला घरी जेवायला घेऊन आला आणि आईने तिलाही भुयारात कोंबलं. ती मुलगी पुन्हा आली नाही. आणि इतक्या वर्षांत वादळ मात्र त्यांच्या घरावरून एकदाही गेलं नाही. घर सोडताना आर्लिसने ठरवलं की पुन्हा कधीही जमिनीखाली जायचं ते शवपेटीतूनच. नोरीन त्याच भुयारात बसून मोठी झाली आणि तिने भोंग्याची नोकरी धरली.

"बोल नोरी," आर्लिस म्हणाला. "ऐकला तुझा भोंगा. बीन्स चढवलेत, मक्याचा ब्रेड व्हायचाय अजून."

"आर्लिस, चाचणी नाहीये. गाडी काढ आणि चर्चच्या तळघरात जा."

"बारा वाजले ना?"

"नाही वाजले."

"मग तुझं घड्याळ पुढे आहे."

"ढग तुझ्या बाजूने येतोय. मला इथे दिसतोय. हात जोडते तुला, नीघ."

"हे बघ, तू आता अगदी आईसारखी बोलायला लागलीस."

नोरीनचा आवाज खरंच आईसारखा झाला होता.

"बरं बाई, बरं," तो जरा नरमला. "बाहेर जाऊन बघतो आणि तुला सांगतो. बीन्सचा गॅस तेवढा बारीक करू दे."

त्याने फोन बंद केला नाही, स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला. नोरीनला त्याच्या चपला फरशीवरून घासत गेलेल्या ऐकू आल्या. जाळीचं दार कुरकुरलं. मग वाऱ्याचा आवाज आला, आणि त्या वाऱ्यातून, लांबून, तिच्या भावाचा आवाज.

"अरे देवा," तो म्हणाला. मोठ्याने नाही. स्वतःशीच बोलावं तसा.

"आर्लिस!" नोरीन ओरडली. "ओढ्यात जा! खाली पड! आर्लिस!"

त्याच वेळी टेबलावरचे दुसरे दोन्ही फोन वाजायला लागले. मदतीसाठी आलेला फोन वाजत ठेवायचा नाही. सगळे नियम मोडता येतील, पण हा नाही. तो नोरीननेच नव्या मुलींना शिकवलेला. तिने आर्लिसचा फोन थांबवून ठेवला आणि दुसरा उचलला. गाडी रस्त्याखाली गेली होती, आत दोघीजणी, एकीच्या डोक्यातून रक्त येत होतं. नोरीनने जागा विचारून घेतली, जखमेवर काय दाबून धरायचं ते सांगितलं, शेरिफच्या खात्यातला लॅनी जवळ होता त्याला वायरलेसवर तिकडे पाठवलं. तिसरा फोन गारांनी काच फुटल्याचा होता. तो तिने दोन वाक्यांत संपवला. मग भावाचा फोन पुन्हा उचलला.

लाइन तुटल्याचा नुसता गुणगुणता आवाज येत होता.

त्यानंतरचा जवळजवळ तासभर नोरीन काय करत होती, ते त्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणात आहे. तिचा आवाज कुठेही थरथरलेला नाही. ती झाडं पडल्याचे, तारा तुटल्याचे, शेड उडाल्याचे फोन घेत होती. वादळ गावाच्या दक्षिण कडेने गेलं होतं. मुख्य रस्त्यावर गारा आणि एक पडलेली पाटी याखेरीज काही झालं नव्हतं. दक्षिणेकडून कुणाचाच फोन येत नव्हता. त्या बाजूला राहणारा एकच माणूस होता, आणि त्याच्यासाठी कुणी मदत मागितलेली नव्हती. ज्याने मागितली त्याच्याकडे आधी जायचं. गाडीतल्या दोघींना रुग्णवाहिकेत बसवेपर्यंत लॅनी तिथून हलू शकत नव्हता, आणि तिने त्याला हलायला सांगितलंही नाही.

मग लॅनीनेच विचारलं. "नोरीनबाई, दक्षिणेकडे बघून येऊ का?"

"ये," ती म्हणाली.

रस्त्यावर विजेची तार आडवी पडली होती. लॅनी गाडी सोडून शेतातून चालत गेला. वायरलेसवर त्याचा श्वास ऐकू येत होता.

"नोरीनबाई."

"बोल."

"घर नाहीये."

नोरीनने पेन खाली ठेवलं.

"ओटा आहे नुसता. पट्ट्या तुटल्यात. पलीकडे पत्रे दिसतायत झाडांत." मग बराच वेळ नुसती खरखर. "थांबा. कुणीतरी शिव्या घालतंय इकडे."

आर्लिस झाडांपलीकडच्या ओढ्यात पडलेला सापडला. एका पायात चप्पल, खुब्याचं हाड मोडलेलं, अंगभर चिखल. ओढ्यात तो नोरीनचं ऐकून उतरला की वाऱ्याने त्याला तिथं नेऊन टाकलं, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नाही. नोरीनने तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती इस्पितळात गेली तेव्हा तो उशीला टेकून जेली खात होता.

"चूक तुझी होती," तो म्हणाला. "चार मिनिटं आधी वाजवलास. माणसाने काय समजायचं?"

"चाचणी रद्द होती. रेडिओवर सांगितलं होतं."

"कधी?"

"गुरांच्या भावानंतर."

"गुरांचे भाव झाले की मी ट्यून आउट करतो," आर्लिस म्हणाला. तिथले लोक असंच म्हणतात. जुन्या रेडिओचा काटा जरासा सरकवला की नको ते स्टेशन जातं. तसंच, फक्त काटा डोक्यात असतो. रेडिओ चालूच असतो, माणूसही जागचा हललेला नसतो. आर्लिस हे कबुलीसारखं बोलला नव्हता, आणि तक्रारीसारखंही नाही. पावसात छत्री उघडतो म्हणावं तसं म्हणाला.

"माझी मागची खोली रिकामी आहे," नोरीन म्हणाली. "रंग देऊन ठेवलाय. अंगणात भुयार आहे, पण आत दिवा आहे, खुर्च्या आहेत, कोळीही नाहीत."

"दर ढगाला मला आत नेशील."

"दर ढगाला नाही. भोंगा वाजला तर."

"भोंगा तूच वाजवतेस!" तो हसला आणि खुब्यातून कळ आली म्हणून थांबला. "नोरी, ऐक. सत्तरीला आलो. एकदा येऊन गेलं ना? आता त्या जागेवर पुन्हा नाही येत. अख्ख्या जिल्ह्यात तेवढीच जागा आता सुरक्षित आहे. ओटा शाबूत आहे, पाण्याचा नळ आहे, विजेचा खांबही उभा आहे. फक्त घर आणायचंय."

"तू मरता मरता वाचलास."

"तेच तर सांगतोय. वाचलो."

वादळ आलं नाही तेव्हा आर्लिस म्हणायचा, बघ, येत नाही. आता आलं तर म्हणत होता, बघ, मरत नाही. नोरीनने त्याच्या हातातली जेलीची वाटी घेऊन बाजूला ठेवली, पांघरूण नीट केलं आणि पाळीची वेळ झाली म्हणून निघाली.

गावसभेच्या पुढच्या बैठकीत तिने चाचणीची वेळ बदलायची मागणी केली. मंगळवारी सकाळी दहाला करा, म्हणजे जेवणाशी संबंध राहणार नाही. सभागृहात एरवीपेक्षा बरीच जास्त माणसं होती.

"मंगळवारी दहाला माझं बाळ झोपतं," एकजण म्हणाली.

"आणि शनिवारचं काय? कळणार कसं?" मर्नाने विचारलं.

"काय कळणार कसं?"

"बारा वाजले ते."

"मर्ना, तुझ्या भिंतीवर घड्याळ आहे."

"ते बंद आहे गं. लागतं कशाला?"

सगळे हसले. मर्नाही हसली, आणि मग तिलाच कसंतरी वाटलं असावं, कारण बैठक संपल्यावर तिने नोरीनच्या हातात पीच पायचा डबा दिला. "सोळाच्या सोळा आत गेले होते त्या दिवशी," ती हळूच म्हणाली. "बैलाला टेकून. तू सांगितलंस म्हणून." ते पूर्ण खरं नव्हतं. सहाजण ओसरीवर राहून फोनवर चित्रण करत होते, आणि ते चित्रण तोवर गावात सगळ्यांनी पाहिलं होतं. नोरीनने डबा घेतला. विषय पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला, आणि पुढच्या बैठकीत तो कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

बैठकीनंतरचा शनिवार निरभ्र होता. नोरीनने बारा वाजता बटण दाबलं. ती खिडकीशी गेली नाही.

आर्लिस आता चाकं लावलेला वॉकर धरून चालतो. तात्पुरता नोरीनच्या मागच्या खोलीत राहतो. रंग चांगला लागलाय असं त्याने स्वतःहून सांगितलं. संध्याकाळी दोघं ओसरीवर बर्फाचा चहा पितात, तो तिला आईच्या नकला करून दाखवतो आणि ती हसते, कारण त्या नकला हुबेहूब असतात. मधे दोनदा ढग आले. पहिल्यांदा ती घरी होती. ती भुयाराचं दार उघडून पायरीवर उभी राहिली, आणि तो खुर्चीत बसून आकाशाकडे बघत राहिला. "लांब आहे," तो म्हणाला. लांबच होता. दुसऱ्यांदा ती पाळीवर होती. तिने घरी फोन केला, तो बराच वेळ वाजला आणि कुणी उचलला नाही. तो न्हाणीघरात होता, असं त्याने नंतर सांगितलं.

नवं घर त्याने छापील पुस्तिकेत पाहून निवडलं. पुढे जास्त मोठी ओसरी आहे म्हणून. नोरीनने पुस्तिका चाळली, ओसरीचं चित्र पाहिलं आणि परत दिली. त्याने विचारलं, "कसं आहे?" ती म्हणाली, "पट्ट्या नीट आवळून घे." ते त्याने ऐकलं की नाही, कळायला मार्ग नाही. तो रेडिओ लावत होता.

उद्या सकाळी आठ वाजता ते घर ट्रकवरून त्याच ओट्यावर बसवायला येईल. रुंदी जास्त असल्यामुळे दक्षिणेचा रस्ता दोन्ही बाजूंनी अडवावा लागतो, आणि त्यासाठी लॅनीला वायरलेसवर सूचना द्यायचं काम त्या वेळी पाळीवर असेल तिच्याकडे येतं. उद्या सहा ते दोन नोरीनची पाळी आहे.